चौकटीबाहेरून बोलणारी माणसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षं तुम्ही रोज चार चौकटींची डायरी-स्ट्रिप काढताय, वाचक बऱ्यापैकी जमलेत, दिवसा ऑफिसची नोकरी आहे. ती सोडून स्वतःच्या आयुष्यावरच कॉमिक काढत कारकीर्द करता येईल का? आयुष्य तर साधंच आहे, मग विषय संपले तर काय? आणि घरच्यांचं काय करायचं? सोबत बारा स्ट्रिप पाठवल्या आहेत.

मी हेच काम बावीस वर्षं करतेय. तीन पुस्तकं झाली, चौथं टेबलावर आहे. नोकरीचं उत्तर देईनच, पण आधी त्या बारा स्ट्रिपबद्दल बोलू द्या, कारण उत्तराचा मोठा भाग त्यांच्यातच आहे.

तुमची रेषा सुटी आहे, संवादाच्या फुग्यात शब्द कमी असतात, शेवटच्या चौकटीत विनोद कोंबायचा मोह तुम्ही बहुतेक वेळा टाळता. हे सगळं चांगलं आहे. पण बाराही स्ट्रिप मी शेजारी शेजारी लावल्या तेव्हा एक गोष्ट डोळ्यात भरली. बाराच्या बारा ठिकाणी तुम्ही एकट्या आहात. पलंगावर, खिडकीशी, स्क्रीनसमोर. दुसरं माणूस आलंच तर ते चौकटीच्या कडेबाहेर उभं असतं आणि त्याच्या फुग्याची शेपटी तेवढी आत येते. आईचा आवाज, साहेबांचा आवाज, मैत्रिणीचा आवाज. चेहरा कुणालाच नाही. त्यांचे हात, चपला, पाठ, काहीही नाही. घरच्यांचं काय करायचं हा प्रश्न तुम्ही तिसरा विचारलात. मला तो पहिला वाटतो. विषय संपण्याची भीतीसुद्धा तिथूनच येते, कारण एकटं माणूस खोलीत बसलेलं किती वेळा काढणार?

या प्रकारातली जी कामं टिकली ती नीट बघा. आर्ट स्पीगलमन यांचं ‘माऊस’ आत्मचरित्रात्मक म्हणतात, पण ते उभं आहे त्यांच्या वडिलांवर. वडिलांना समोर बसवून टेप लावून घेतलेल्या मुलाखतींवर. डेव्हिड बी. या फ्रेंच चित्रकाराची सहा खंडांची कथा मोठ्या भावाच्या अपस्माराची आहे. ॲलिसन बेक्डेल यांचं ‘फन होम’ वडिलांचं आहे. या सगळ्यांत ‘मी’ आहे आणि तो महत्त्वाचाही आहे, पण तो बघणारा, चुकीचा अर्थ लावणारा, उशिरा समजणारा ‘मी’ आहे. बेक्डेल यांच्या कामाची एक पद्धत मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. चौकटीत जे माणूस काढायचं त्याच्यासारखं उभं राहून त्या स्वतःचाच फोटो काढायच्या आणि त्यावरून रेखाटायच्या. वडिलांची चौकट असेल तर वडिलांसारखं उभं राहायचं, बसायचं, वाकायचं. पुस्तकाला सात वर्षं लागली. आता विचार करा, ज्या माणसाशी आपलं कधी जुळलं नाही त्याच्या शरीराच्या ठेवणीत आपण स्वतः शेकडो वेळा उभे राहतो. खांदे कुठे ताठ होतात, मान कुठल्या बाजूला झुकते, हे अंगानंच कळतं. लिहिणाऱ्याला ही सोय नाही. आपल्याला आहे.

आता नोकरीबद्दल. सोडू नका. निदान पहिलं पुस्तक पुरं होईपर्यंत तरी नाही.

पैशाचं कारण उघड आहे, ते खाली सांगते. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. हार्वी पीकार क्लीव्हलंडमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात फाइल क्लार्क होते. १९७६ साली त्यांनी स्वतःच्या रोजच्या आयुष्यावरचं ‘अमेरिकन स्प्लेंडर’ हे कॉमिक स्वतःच्या पैशानं छापायला सुरुवात केली. चित्र त्यांना येत नसे. काडीची माणसं काढून ते पानाचा आराखडा करायचे आणि रॉबर्ट क्रम्बसारखे चित्रकार ते पान काढायचे. पुढे नाव झालं, टीव्हीवर बोलावणी आली, तरी ते २००१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच नोकरीत राहिले. त्यांच्या कॉमिकमधली सहकारी माणसं, रांगेतल्या गप्पा, फाइलींच्या गाड्याशेजारी झालेली वादावादी, हे सगळं त्या नोकरीतून आलं. नोकरी सोडली असती तर पानांवरची निम्मी माणसं गेली असती. तुमचं आयुष्य साधं आहे म्हणता. फाइल क्लार्कपेक्षा साधं ते काय असणार? उद्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरचं माणूस फोनवर खोटं बोलताना पेन कसं धरतं ते बघा आणि घरी येऊन फक्त तो हात काढा.

इतरांनीही पोटासाठी वेगळी कामं केली आणि ती लपवली नाहीत. स्पीगलमन जवळपास वीस वर्षं च्युइंगमसोबतची कार्डं आणि स्टिकर बनवणाऱ्या कंपनीसाठी काम करत होते. ‘माऊस’ची प्रकरणं १९८० पासून येऊ लागली, पहिला भाग पुस्तकरूपात १९८६ला, दुसरा १९९१ला आला आणि १९९२ला विशेष पुलित्झर पारितोषिक मिळालं. म्हणजे ज्या पुस्तकानं जगाचा कॉमिककडे बघण्याचा दृष्टिकोन बदलला, त्यातलं बरंचसं काम स्टिकरच्या पगारावर झालं. जस्टिन ग्रीन यांनी १९७२ साली धर्मभयानं आणि मनातल्या सक्तीच्या विचारांनी ग्रासलेल्या स्वतःच्या पौगंडावस्थेवर चाळीसेक पानांचं कॉमिक काढलं. या प्रकाराची सुरुवात सहसा तिथूनच धरतात. ते नसतं तर ‘माऊस’ झालं नसतं, असं स्पीगलमन यांनीच म्हटलंय. हेच ग्रीन पुढे दुकानांचे फलक रंगवून घर चालवत. फलक रंगवणं हे त्यांनी कमीपणाचं मानलं नाही, त्या धंद्यावरही त्यांनी कॉमिक काढलं.

पैशाचा हिशेब असा. छापील पुस्तकावर रॉयल्टी सहसा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असते. प्रकाशकानं आगाऊ दिलेली रक्कम त्या रॉयल्टीतूनच वळती होते, म्हणजे ती फिटेपर्यंत नवीन काही हातात येत नाही. दोनशे पानांचं पुस्तक, पानाला सरासरी सहा चौकटी, म्हणजे बाराशे चौकटी. पेन्सिल, शाई, अक्षरं धरून पूर्ण वेळ काम केलं तर एका पानाला मला दोन दिवस लागतात. नोकरी सांभाळून आठवड्याला दोन पानं झाली तरी खूप झालं. शंभर आठवडे. त्याआधी संहिता आणि थंबनेल, म्हणजे पानांचे छोटे कच्चे आराखडे, त्याला सहा महिने ते वर्ष. त्यामुळे आगाऊ रक्कम कितीही बरी वाटली तरी तिला तीन वर्षांनी भागून बघा, मगच सही करा. माझं घर आजही मिळकतीच्या चार-पाच वाटांवर चालतं: इतरांच्या पुस्तकांसाठी चित्रं, कार्यशाळा, मूळ पानांची विक्री, दरमहा थोडे पैसे देणारे वाचक, आणि आरोग्यविषयक कॉमिक. या शेवटच्या क्षेत्राकडे जरूर लक्ष ठेवा. इयन विल्यम्स या डॉक्टर-चित्रकारानं २००७ मध्ये त्याला ‘ग्राफिक मेडिसिन’ हे नाव दिलं. आजारपण आतून कसं दिसतं हे सांगता येणाऱ्या चित्रकारांची तिथे खरोखर गरज असते, आणि आत्मकथनाचा सराव तिथे थेट कामाला येतो.

करारातली एकच गोष्ट सांगते, बाकीचं वकिलाकडून वाचून घ्या. चित्रपटाचे आणि भाषांतराचे हक्क पुस्तकाच्या हक्कांसोबत आपोआप देऊन टाकू नका. कादंबरीत पात्रं कल्पित असतात. आपल्या पुस्तकातली आई खरी असते, आणि उद्या कुणी नटी ती साकारणार असेल तर त्यावर तुमचं म्हणणं असायला हवं.

डायरी-स्ट्रिप सोडू नका, पण तिचीच पानं जोडून पुस्तक होतं असं मानू नका. जेम्स कोचाल्का यांनी १९९८ ते २०१२ अशी चौदा वर्षं रोज स्ट्रिप काढली. तो वेगळा, फार शिस्तीचा प्रकार आहे आणि त्यात दिवस हाच घटक असतो. पुस्तकाला एक प्रश्न लागतो. तुमच्याकडे हजारेक स्ट्रिप असतील. त्यातल्या चाळीस छापून जमिनीवर पसरा आणि काय परत परत येतंय ते बघा. माझ्या वेळी दार येत होतं. अर्धवट उघडं दार, वेगवेगळ्या घरांतलं, वेगवेगळ्या वयांतलं. मला त्याचा पत्ता नव्हता. माझं पहिलं पुस्तक त्या दारामागच्या माणसाचं झालं.

एक तांत्रिक सूचना, जी मला कुणी दिली नाही आणि त्यापायी चाळीस पानं पुन्हा काढावी लागली. स्वतःचा चेहरा असा ठरवा की तो आठशे-नऊशे वेळा काढता येईल, थकलेल्या हातानंही. तुमच्या स्ट्रिपमधल्या ‘तुम्ही’ला केसांच्या अकरा बटा आहेत, मी मोजल्या. चार चौकटींत त्या शोभतात, बाराशेत त्या हात मोडतील. सात वर्षांची, सोळा वर्षांची आणि आजची, अशा तीन वयांचे चेहरे आधी कागदावर पक्के करा. तिघींत एक खूण सारखी ठेवा, भुवई किंवा बसण्याची लकब. तेवढी खूण असली की वाचक माणूस लगेच ओळखतो.

आता घरच्यांबद्दल.

या कामाच्या आठव्या वर्षी मी माझ्या भावावर दोन पानं काढली. त्याची नोकरी गेली होती आणि तो तीन महिने रोज सकाळी बॅग घेऊन घरातून निघायचा, संध्याकाळी परत यायचा. घरात फक्त मला माहीत होतं. मी त्याला वाचनालयात बसलेलं दाखवलं. नाव बदललं होतं, आणि तेवढ्यानं भागेल असं मला वाटलं होतं. पण कॉमिकमध्ये नाव बदलून काही होत नाही. चेहरा तोच, चालण्याची ढब तीच. त्याच्या एका जुन्या सहकाऱ्यानं ती पानं त्यालाच पाठवली. चौदा महिने तो माझ्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा पहिलं वाक्य होतं, “वाचनालयात नव्हतो मी. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये असायचो. वाचनालयात लोक विचारतात.”

मी त्याला दुखवलं होतं आणि वर माझं पान चुकीचंही होतं. वेटिंग रूममध्ये बॅग घेऊन बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मला सुचलंसुद्धा नव्हतं. विचारलं असतं तर तो दुखावला नसता आणि पान दसपट खरं झालं असतं. ती दोन पानं मी कुठल्याच पुस्तकात घेतली नाहीत. त्यानं नको म्हटलं. वेटिंग रूमबद्दल लिहायला मात्र त्यानं हो म्हटलंय. ते कधी काढायचं हे तो सांगेल.

तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. जिवंत माणूस पानावर येणार असेल तर थंबनेल झाल्यावर, शाई लागण्याआधी ते पान त्याला दाखवायचं. शाईनंतर दाखवलं तर आपणच बदलायला तयार नसतो, आणि ते समोरच्याला कळतं. दाखवणं म्हणजे लगाम त्याच्या हाती देणं नव्हे. घटना चुकली असेल तर मी बदलते. माझं त्या घटनेबद्दलचं मत मी बदलत नाही, आणि हे आधीच सांगते. ज्यानं मला खरोखर इजा केली त्याला मी काही दाखवत नाही. तिथे वकील आणि विश्वासातलं एक माणूस वाचतं. लहान मुलांची संमती आई-बापानं देऊन भागत नाही असं माझं मत आहे. पुतणी सोळा वर्षांची होईपर्यंत मी तिला पाठमोरीच काढलं.

कुणाचं वाईट दाखवायचंच नाही असा याचा अर्थ घेऊ नका. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त टिळकांचा संताप आहे, सासऱ्यांचा विक्षिप्तपणा आहे, सगळं उघड आहे. तरी वाचताना कुठेही हिशेब चुकता केल्यासारखं वाटत नाही, कारण लक्ष्मीबाई माणसाला पूर्ण बघतात. मी दर नवं काम सुरू करण्याआधी त्यातली काही पानं वाचते.

विषय संपण्याबद्दल मला वेगळंच सांगायचंय. आजचं आजच काढलं तर विषय लवकर संपतात. केइजी नाकाझावा हिरोशिमात सहा वर्षांचे होते. ६ ऑगस्ट १९४५ला शाळेच्या भिंतीआड असल्यामुळे ते वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ गेले. मोठेपणी ते कॉमिकच काढत होते, पण बॉम्बबद्दल काही नाही. १९६६ साली आई वारली, दहनानंतर तिच्या अस्थीही हाती लागल्या नाहीत, आणि त्यानंतर ते या विषयाकडे वळले. स्वतःची गोष्ट थेट स्वतःच्या नावानं त्यांनी १९७२ साली काढली, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. पुढच्या वर्षी तीच गोष्ट गेन नावाच्या मुलाला देऊन त्यांनी मोठी मालिका सुरू केली. नाव बदलल्यावर त्यांना हात मोकळा मिळाला असावा असं मला ती पानं बघताना वाटतं. तुमच्याकडे जे अजून काढवत नाही ते शिल्लक समजा. एका वहीत फक्त तारीख, जागा आणि एक वस्तू लिहून ठेवा. भावना लिहू नका, त्या नंतर बदलतात. वस्तू बदलत नाही.

वस्तूवरून सांगते. वडील गेले त्या रात्रीचं पान मी पहिल्यांदा त्याच वर्षी काढलं. सहा चौकटी, त्यातल्या चारांत माझा रडका चेहरा, वर निवेदनाच्या पट्ट्या: तेव्हा मला कळलं की, वगैरे. नऊ वर्षांनी वही उघडली, त्यात लिहिलं होतं, ‘चष्मा, दोरा’. वडिलांच्या चष्म्याची एक काडी तुटली होती आणि त्यांनी ती काळ्या दोऱ्यानं बांधली होती. नर्सनं तो चष्मा माझ्या हातात दिला आणि मी तो पिशवीत ठेवायला मिटू लागले. एक काडी मिटली. दोऱ्याची मिटत नव्हती. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून बराच वेळ तेच करत होते. दुसऱ्या वेळच्या पानात सहाही चौकटींत फक्त हात आणि चष्मा आहे. निवेदन एका शब्दाचंही नाही. चौथ्या आणि पाचव्या चौकटीमधली फट मी नेहमीपेक्षा दुप्पट रुंद ठेवली, एवढंच. त्या पानाबद्दल आजही वाचकांची पत्रं येतात.

थांबण्याचाही हक्क ठेवा. ज्युली दुसे या कॅनडातल्या चित्रकर्तीनं स्वतःच्या स्वप्नांवर आणि दिवसांवर धारदार कॉमिक काढली, नाव झालं, आणि मग त्या कॉमिकपासून बाजूला होऊन कोलाज, छपाई असल्या कामांकडे वळल्या. कित्येक वर्षांनी, २०२२ मध्ये, फ्रान्समधल्या आंगुलेमच्या कॉमिक महोत्सवानं त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. दरम्यानच्या वर्षांचा हिशेब त्यांना कुणी मागितला नाही. रोजची स्ट्रिप वाचणारे लोक तुमच्याकडून रोज नवं दुःख मागू लागतात, त्यांना ते कळतही नसतं. अशा वेळी महिनाभर झाडं काढा, खुर्च्या काढा. मी दोनदा वर्ष-वर्ष थांबले, दोन्ही वेळा मनगटानं भाग पाडलं, आणि दोन्ही वेळा परतल्यावर पानं बरी झाली. मनगट दुखायला लागल्यावर एक दिवससुद्धा ढकलू नका.

तर आत्ता काय करायचं. तुमच्या बाराव्या स्ट्रिपमध्ये तुम्ही अंधारात पलंगावर बसल्या आहात आणि तिसऱ्या चौकटीत दाराबाहेरून एक फुगा येतो: “झोपलीस का?” तुम्ही उत्तर देत नाही, चौथी चौकट काळी. ती स्ट्रिप पुन्हा काढा. या वेळी कॅमेरा दाराबाहेर न्या. तिथे कोण उभं होतं? हातात काय होतं? दिवा लावला होता की नाही? पावलं किती वेळ थांबली? यातलं काही तुम्हाला माहीत नाही, म्हणून त्या माणसाला जाऊन विचारावं लागेल. आठ चौकटी घ्या, चारांत अडवू नका. थंबनेल झालं की शाईला हात लावण्याआधी ते त्याच माणसाला दाखवा, आणि तो काय म्हणतो ते मला कळवा.